बैठी चाळ : कामगाराच्या घराचा इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळातल्या तरुण पोरांनी आम्हांला विचारलं, "काका, यंदा कशावर लिहिताय?" दरवर्षी आम्ही धम्मावर नाहीतर कामगार चळवळीवर लिहितो. यंदा म्हटलं, घरावर लिहितो. "कुणाच्या घरावर?" "आपल्याच. बैठ्या चाळीवर." त्यावर एकजण हसून म्हणाला, "त्यात काय लिहायचं काका? दहा बाय बाराची खोली ती." त्या पोराचा आम्हांला राग आला नाही. त्याला वाटतं तसंच बहुतेकांना वाटतं. इतिहास म्हटला की किल्ले, लेणी, वाडे. कामगाराच्या खोलीला कसला इतिहास? म्हणून हा लेख.

आम्ही काही इंजिनीअर नाही. शिक्षण दहावीपर्यंत, तेही रात्रशाळेत. उभं आयुष्य गिरणीच्या रिंग खात्यात गेलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमची गिरणी थांबली, ती पुन्हा चालू झाली नाही. हाताला काम नाही म्हणून वाचनालयात बसू लागलो आणि आपण ज्या घरात जन्मलो त्याचीच माहिती गोळा करू लागलो. मग एक दिवस मीटर-टेप आणून आपलीच खोली मोजली. पन्नास वर्षं ज्या घरात काढली ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

बैठी म्हणजे काय

मुंबईत चाळ म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तीन-चार मजली इमारत येते. लांब गॅलरी, लाकडी कठडा, टोकाला जिना आणि मजल्यावर सामाईक संडास. बी. डी. डी. चाळी उभ्या, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या बी. आय. टी. चाळीही उभ्या. पण या उभ्या चाळींच्या जोडीला मुंबईत दुसरी एक चाळ होती आणि अजूनही काही ठिकाणी आहे. ती एकमजलीच. जोत्यावर खोल्यांची रांग, वर कौलारू छप्पर, दार उघडलं की पाय थेट जमिनीवर. तिला लोकांनी नाव दिलं बैठी चाळ. उभी राहिली नाही, बसूनच राहिली, म्हणून बैठी. हे नाव कुठल्या सरकारी साहेबाने दिलेलं नाही, राहणाऱ्यांनीच दिलं.

ती उभी का राहिली नाही, याचं उत्तर पैशात आहे. मजला चढवायचा तर पाया खोल लागतो, भिंत जाड लागते, तुळया लागतात, जिना लागतो. मालकाला थोड्या पैशात पुष्कळ भाडेकरू बसवायचे असले आणि जमीन शहराच्या कडेची, खाजणाची, टेकडीच्या पायथ्याची, म्हणजे स्वस्तातली असली, तर बैठी चाळच परवडते.

शहराने कामगाराला घर दिलं नाही

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापली आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी भागात भोंग्यांचं रान माजलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. गिरणी बांधणाऱ्याने यंत्राला छप्पर दिलं, माणसाला दिलं नाही. थोड्या गिरण्यांनी थोड्या चाळी बांधल्या, बाकी सगळा कारभार खाजगी घरमालकांच्या हाती गेला. ज्यांना चाळीचंही भाडं परवडत नव्हतं ते झावळ्यांच्या, रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याच्या झोपड्यांत राहिले. बर्नेट-हर्स्ट नावाच्या अभ्यासकाने १९२५ साली मुंबईच्या कामगारांच्या घरांवर पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात या झावळीच्या झोपड्यांची नोंद आहे.

सरकारचं लक्ष घराकडे गेलं ते प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. गिरण्यांना हात मिळेनात. तेव्हा साहेब लोक घरोघरी फिरले. घराला चुना मारला. कौलं उतरवून आत ऊन सोडलं. काही घरांच्या दारावर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं काढली, म्हणजे हे घर माणसाने राहण्यास अयोग्य. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घर अयोग्य आहे हे आत राहणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. सरकारला ते कळायला प्लेग यावा लागला.

पुढे १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट झालं आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या, एकेकीत ८० खोल्या. काम मोठं होतं यात शंका नाही. परंतु गिरण्यांत राबणाऱ्यांची संख्या पाहिली तर ते पुरेसं नव्हतं. उरलेली माणसं जिथे जागा मिळेल तिथे गेली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-भांडुपपर्यंत वाढली. त्याच्या आधी कुर्ला, चुनाभट्टी, घाटकोपर हा सगळा भाग महापालिकेच्या बाहेर होता. जमीन स्वस्त होती. अशा ठिकाणी बैठ्या चाळी उठल्या. आमची चाळ त्यांतलीच एक, कुर्ला-चुनाभट्टीच्या बाजूची.

खातं आणि खोली

आपल्या लोकांच्या वाट्याला उभी चाळ कमी आणि बैठी चाळ किंवा झोपडी जास्त का आली? याचं कारण गिरणीच्या आत शोधलं पाहिजे.

गिरणीत विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, पगार चांगला होता. पण त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा, हे कारण. म्हणून आपली माणसं रिंग खात्यात आणि असल्याच कमी पगाराच्या कामांवर राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला, हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्याचा घराशी असलेला संबंध फारसा कुणी सांगत नाही. पगार कमी म्हणजे भाडं देण्याची ताकद कमी. ताकद कमी म्हणजे खोली कडेची, सखल भागातली, गटाराजवळची. त्यात पुन्हा सवर्ण मालकाच्या चाळीत आपल्याला खोली मिळत नसे ते वेगळंच. धोट्याच्या छिद्रातल्या विटाळाने आपल्या घराचं जोतं किती उंच असावं तेही ठरवून टाकलं.

बाबासाहेबांचं स्वतःचं घडणं अशाच खोलीत झालं. रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले तेव्हा परळच्या डबक चाळीत राहिले. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सामान. सुभेदार पोराला लवकर निजवत, आपण रात्री दोनपर्यंत जागत आणि दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः झोपत. पुढे १९१२ च्या सुमारास ते परळच्याच बी. आय. टी. चाळीत आले. तिथल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब १९३४ पर्यंत, म्हणजे राजगृहात जाईपर्यंत राहिले. लंडनमधल्या ज्या घरात ते विद्यार्थी असताना राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. चांगलंच झालं. परंतु एका खोलीत दोन माणसांनी आळीपाळीने झोप वाटून घेतली आणि त्यातून बॅरिस्टर घडला, ही गोष्ट समजायची असेल तर कामगाराची खोलीच पाहावी लागते.

मालकाने काय बांधलं

आता आमच्या रांगेकडे येतो. दहा खोल्या, एका ओळीत. प्रत्येक खोली आतून दहा फूट रुंद आणि बारा फूट खोल. पुढे एक दार, मागे उंचावर एक लहान खिडकी.

जोतं काळ्या दगडाचं, मूळचं जेमतेम फूटभर. पुढच्या रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी भर पडत गेली आणि रस्ता वर चढला, त्यामुळे जोतं बुडत गेलं. आज दारात उभं राहिलं तर रस्ता उंच आणि घर खाली अशी गत आहे.

दोन खोल्यांमधली भिंत सामाईक, एक विटेची. दहा खोल्यांना वीस आडव्या भिंती लागल्या असत्या, त्या अकरात भागवल्या. तीही भिंत आढ्यापर्यंत नेलेली नाही. उभ्या माणसाच्या डोक्यावर हात-दोन हात गेली आणि थांबली. वरचा त्रिकोण मोकळा. तेवढ्या विटा वाचल्या. त्यामुळे एका घरातला धूर दहा घरांत फिरतो आणि एका घरातलं भांडणही. शेजारच्या घरात दिवा लागला की आपल्या आढ्यावर उजेड पडतो. आमच्या लहानपणी एका घरी रेडिओ होता, त्यावरच्या बातम्या दहाही घरांनी ऐकल्या.

छप्पर दोन पाखी. मध्ये आढं, त्यावरून उतरणारे वासे, वाशांवर रीपा आणि रीपांवर मंगलोरी कौलं. पूर्वी नळीची कौलं असायची, कुंभाराने हाताने केलेली. ती मांजर फिरलं तरी सरकायची. मंगलोरी कौल यंत्रावर दाबून केलेलं असतं. त्याला खाचा असतात, एक कौल दुसऱ्यात अडकतं. बाझल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली हा कारखाना काढला. तिथून ही कौलं समुद्रमार्गे मुंबई बंदरात येऊ लागली. पुढे दुसरेही कारखाने निघाले. जुनं कौल उलटं करून पाहिलं तर कारखान्याचं नाव दाबलेलं दिसतं. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात. आमच्या एका खोलीवर उतार आणि वळचण धरून दोनशेच्या आसपास कौलं आहेत. हे छप्पर उन्हाळ्यात सोसवतं, कारण माती तापली तरी फटींतून गरम हवा वर निघून जाते. ज्यांनी पुढे कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले त्यांना हे उशिरा कळलं.

मोरी कोपऱ्यात, तीन फूट बाय तीन फूट, वीतभर उंच कठडा. त्यातच भांडी, त्यातच कपडे, त्यातच अंघोळ. दार नाही. बायकांनी साडी आडवी बांधून अंघोळ करायची. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या गटारात. नळ रांगेच्या टोकाला एक, सगळ्यांत मिळून.

मालकाने बांधलं ते एवढंच.

घरगल्ली

मागच्या बाजूला खिडकीखाली एक बोळ आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरावं लागेल एवढा. मुंबईत याला घरगल्ली म्हणतात. नकाशात ही सांडपाण्याची जागा. पण ती दुसऱ्या कामासाठीही ठेवलेली होती. पूर्वी संडास टोपलीचे होते. टोपली मागून काढायची, म्हणून मागे वाट. मैला उचलणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने, लोकांच्या नजरेसमोरून जाऊ नये. मुंबई महापालिका त्या सेवेसाठी वेगळा कर घेत असे, त्याचं नावच हलालखोर कर.

म्हणजे घर बांधण्याच्या आधीच, कागदावर रेघ मारतानाच, एका माणसासाठी मागची वाट आखली होती. गावात महारवाडा गावाबाहेर असायचा. शहरात तीच रेघ दोन भिंतींच्या मधून गेली. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. संडास केव्हाच बदलले. घरगल्ली अजून आहे. आणि गटार तुंबलं की आत उतरायला आजही कुठली माणसं बोलावतात हे वाचकांना सांगायला नको.

हे एवढ्यासाठी लिहिलं की जुन्या चाळीच्या आठवणी काढताना आपली माणसंही आता गोड गोड बोलू लागली आहेत. किती माया होती, किती एकोपा होता वगैरे. एकोपा होता. पण घरगल्लीही होती. दोन्ही लिहिलं तर इतिहास.

राहणाऱ्यांनी काय बांधलं

१९४७ च्या भाडे कायद्याने १९४० सालचं भाडं प्रमाण धरलं आणि भाडी गोठली. भाडेकरूला आधार झाला, पण मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. तेव्हापासून आमच्या रांगेला जी काही डागडुजी झाली ती राहणाऱ्यांनीच केली. आम्ही टेप घेऊन मोजत होतो तेव्हा हीच गोष्ट पुढे पुढे येत गेली. आज ज्याला आपण घर म्हणतो त्यातला अर्धाअधिक भाग मालकाचा नाहीच.

पहिला माळा. आमचे वडील १९५० नंतरच्या काळात गावाहून आले तेव्हा या खोलीत गाववाले आठ जण राहत. दिवसपाळीवाले रात्री आत झोपत, रातपाळीवाले दिवसा. बिछाना एकच, गरमच असायचा. जागा वाढवायची तर बाजूला वाढवता येत नाही, म्हणून वर पाहिलं. छपराखालच्या उंचीत खोक्यांच्या फळ्या ठोकून माळा केला. त्यावर बसता येतं, उभं राहता येत नाही. आम्ही चौघं भावंडं त्या माळ्यावर वाढलो. डोक्यापासून वीतभर अंतरावर कौलं. पाऊस पडायला लागला की कुठलं कौल फुटलंय ते अंधारातही कळायचं.

दुसरं काचेचं कौल. मागच्या खिडकीतून उजेड येत नाही आणि दार लावलं की दिवसाही अंधार. कुणीतरी एकाने छपरात एक मातीचं कौल काढून त्या जागी काचेचं बसवलं. मग सगळ्यांनी बसवलं. दुपारी बारा वाजता खोलीच्या मधोमध उन्हाचा चौकोन पडतो. आमची आई त्याच चौकोनात तांदूळ निवडायची. चौकोन सरकला की तीही सरकायची.

तिसरं जोत्याची भर. पावसाचं पाणी घरात शिरू लागलं तेव्हा गिरणीच्या बॉयलरची राख आणून आत भर घातली आणि वर शहाबादी फरशी टाकली. जमीन वर आली, तेवढंच दार बुटकं झालं. म्हणून आमच्या घरात शिरताना नवा माणूस कपाळ आपटून घेतो.

चौथी शाकारणी. दर मे महिन्याच्या शेवटी रविवार धरून छपरावर माणसं चढायची. फुटकं कौल बदलायचं, रीप कुजली असेल तर नवी ठोकायची. एकाच्या कौलाची वळचण दुसऱ्याच्या कौलावर चढलेली, त्यामुळे एकट्याने आपलं छप्पर दुरुस्त करताच येत नाही. शेजाऱ्याशी अबोला असला तरी मे महिन्यात बोलावंच लागायचं.

पाचवा कोनाडा. दारासमोरच्या भिंतीत हातभर कोनाडा होता. सगळ्याच घरांत होता, देव ठेवायला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या आजीने कोनाड्यातले टाक आणि तसबिरी पाण्यात सोडल्या. काही दिवस कोनाडा रिकामा होता. आजी म्हणायची, "रिकामं बघून भ्या वाटायचं रे." मग तिथे तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आला. भिंत तीच, कोनाडा तोच. घराची एक वीटही न हलवता घर बदललं.

ओटा

सगळ्यांत महत्त्वाचं काम शेवटी सांगतो. मालकाने दारापुढे दगडाची एक पायरी ठेवली होती. लोकांनी त्या पायरीला धरून दगडमातीचा ओटा केला. चार फूट रुंद, खोलीच्या लांबीचा. वरून वळचण पुढे ओढून घेतली. हळूहळू दहाही ओटे एकमेकांना जोडले गेले.

रातपाळीचा माणूस दिवसा ओट्यावर झोपे. बाळंतिणीला ऊन ओट्यावर मिळे. म्हातारी माणसं ओट्यावर बसून पोरांवर नजर ठेवत, त्यामुळे पाळणाघर लागलं नाही. 'प्रबुद्ध भारत'चा अंक आला की एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तेही ओट्यावर. वडील अक्षरं तिथेच शिकले. रविवारी संध्याकाळी वंदना ओट्यावर होई. पुढे टोकाची खोली रिकामी झाली तेव्हा सगळ्यांनी पैसे जमवून ती घेतली आणि वंदना आत गेली. आज ज्या विहाराचा वर्धापन दिन आपण साजरा करतो ते त्या खोलीतून वाढलं. आपलं विहार प्रथम ओट्यावर बसलं आणि मग घरात आलं, हे नव्या पिढीने ध्यानात ठेवावं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पगार बंद झाला. तेव्हा घरं चालवली ती ओट्यांनी. आमच्या आईने ओट्यावर सुकी मासळी मांडली. शेजारच्या काकूंनी भाजी मांडली. एका ओट्यावर शिवणयंत्र आलं, एकावर भजी तळली जाऊ लागली. गाळा नाही, पागडी नाही, दाराबाहेर हात पसरला की दुकान. वडील सुरुवातीला लाजेने आत बसून राहायचे. दोन महिन्यांनी तेही मासळीच्या टोपलीपाशी येऊन बसले. संप तर मोडला, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. पण आमच्या रांगेतल्या दहा घरांतलं एकही पोर त्या काळात उपाशी झोपलं नाही, आणि ते ओट्यामुळे.

मोजणी

आता मूळ मुद्द्यावर येतो. मागल्या साली आमच्या रांगेची मोजणी झाली. पुनर्विकास होणार आहे. मोजायला आलेली पोरं सभ्य होती, चहा घेतला त्यांनी. टेप लावली ती आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत. दहा बाय बारा, एकशेवीस चौरस फूट. कागदावर तेवढंच लिहिलं. आम्ही विचारलं, "माळा?" म्हणाले, "तो धरत नाहीत." "आणि ओटा?" "काका, ओटा खोलीच्या बाहेर येतो."

म्हणजे मालकाने बांधलेलं तेवढं मोजलं. आमच्या तीन पिढ्यांनी बांधलेलं कागदावर आलंच नाही.

गैरसमज नको. आम्ही इमारतीच्या विरुद्ध नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ साली आली तेव्हा २२५ चौरस फुटांचं घर मिळत होतं, पुढे २६९ झालं, आता ३०० आहे. आमच्या सुनेला घरात संडास पाहिजे. रात्री अपरात्री टोकाच्या संडासापर्यंत जायला बाईमाणसाला भीती वाटते, हे आम्ही पुरुषांनी कधी मनावर घेतलं नाही. मोरीला दार पाहिजे. तिचं बरोबर आहे. ज्याने एकशेवीस फुटांत आठ माणसं पाहिली आहेत तो बैठी चाळ तशीच ठेवा असं म्हणणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जुनं ते सोनं मानायला शिकवलेलं नाही.

परंतु इमारत झाली की बाराव्या मजल्यावर ओटा नसणार. रस्त्यापलीकडची चाळ पाडून इमारत झाली, तिथले म्हातारे आज लिफ्ट बंद असली की चार-चार दिवस खाली उतरत नाहीत. ओट्यावर मासळी विकणारी बाई तिथे काय विकणार आणि कुणाला? म्हणून बांधणाऱ्यापुढे आमची मागणी साधी आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी बसायची मोकळी जागा, बायकांना धंदा करता येईल अशी वळचण आणि अभ्यासाची खोली. या गोष्टी नकाशात आधीच दाखवा. ज्या शहराला मागच्या बोळाची रेघ नकाशात आधी मारता आली, त्याला पुढच्या ओट्याची रेघही मारता येईल.

शेवटी एक विनंती

दुसरी विनंती आपल्याच माणसांना आहे. मोठ्या लोकांच्या घरांचे नकाशे दप्तरात असतात. आपल्या घरांचे नसतात. पाडकाम झालं की दोन दिवसांत डंपर येऊन सगळं घेऊन जातो. मग नातवंडांनी विचारलं की काय दाखवणार?

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. त्यात आमच्या खोलीचा नकाशा हाताने काढला आहे. जोतं किती, दार किती उंच, मोरी कुठे, माळा कधी घातला, काचेचं कौल कुठल्या ओळीत. ओटा लाल पेन्सिलीने काढला आहे आणि त्याची मापंही लिहिली आहेत, चार फूट बाय दहा फूट. ते चाळीस चौरस फूट सरकारी कागदात नाहीत, वहीत आहेत. रांगेतल्या आणखी तीन घरांनी आपापल्या पानावर माहिती लिहिली. सहा पानं अजून कोरी आहेत. वही विहारातल्या कपाटात ठेवली आहे. ज्यांचं लहानपण बैठ्या चाळीत गेलं, मग ती कुठल्याही वस्तीतली असो, त्यांनी येऊन एक पान लिहावं. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावं, आम्ही लिहून घेऊ.

ज्या पोराने "त्यात काय लिहायचं" असं विचारलं होतं, तो परवा टेप घेऊन आमच्याकडे आला. त्याला आजीच्या घराचं पान लिहायचं आहे. आम्ही त्याला एवढंच सांगितलं, मोजायला सुरुवात ओट्यापासून कर.

सर्वांना सप्रेम जयभीम! नमो बुद्धाय!